आत्ता काय?

आमच्या शीटमध्ये या घडीला ४११ नोंदी आहेत. रकाने सहा: मालिकेचं किंवा सिनेमाचं नाव, भाग, मिनिट, दिवस की रात्र, किती नग आणि शेरा. माझे शेरे एकेका शब्दाचे असतात. 'पावसात', 'बंद', 'बेंचसह' असे. ताईचे लांबलचक. एका ठिकाणी तिने लिहिलंय, 'हिरो रडतोय आणि मागे दुधाची कॉफी संपलीये, लाल दिवा लागलाय.' तो सीन त्या हिरोच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सीन होता, आणि आम्ही दोघं भावंडं दुधाच्या कॉफीकडे बघत होतो.

मोजतोय ती व्हेंडिंग मशीन. तुम्ही अ‍ॅनिमे बघत असाल तर ती तुमच्याही डोळ्यांसमोरून शेकडो वेळा गेली असतील. गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या जिन्याखाली, समुद्रकाठच्या बसस्टॉपवर, देवळाच्या पायऱ्यांपाशी. उभी पेटी, काचेमागे डब्यांच्या रांगा, खाली सामान पडायची खाच. कथेत तिचं काही काम नसतं. एकदा दिसायला लागली की मात्र दिसायची थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुमचा पुढचा सिनेमा खराब झाला तर मला बोल लावू नका.

हा नाद ताईला लागला तो अभ्यासातून. २०२२मध्ये ती पुण्यात जपानीचा क्लास करत होती, एन-थ्रीची तयारी. शनिवारी रेल्वेने मिरजेला यायची आणि रात्री आम्ही फोनवर काहीतरी लावायचो. मी सबटायटल वाचायचो. ती पडद्यावर जिथे अक्षर दिसेल तिथे थांबवायची. दुकानाची पाटी, शाळेचा फळा, रेल्वेतली जाहिरात. अ‍ॅनिमेतली सगळ्यात जास्त वाचण्यासारखी अक्षरं डब्यांवर असतात, कारण पेयांची नावं बहुतेक परदेशी शब्दांवरून आलेली आणि म्हणून काताकानात लिहिलेली. काताकाना वाचायचा सराव म्हणून ती मशीन शोधायची. त्यातही गंमत अशी की चित्रातल्या डब्यांचे रंग अगदी खरे असतात आणि नाव एखाद्या अक्षराने चुकवलेलं असतं. मॅकडोनाल्ड्सचं 'वॅकडोनाल्ड्स' होतं तसं. (ते नाव अ‍ॅनिमेत इतकं मुरलं की २०२४मध्ये खुद्द मॅकडोनाल्ड्सनेच ते काही दिवस मिरवलं.) ताई चुकीची नावं वाचून चिडायची. परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातील म्हणायची.

शीटमधली पहिली नोंद 'किमि नो ना वा'ची आहे. माकोतो शिन्काईचा २०१६चा सिनेमा, बहुतेकांनी बघितलेला. इतोमोरी नावाच्या डोंगरातल्या गावात मित्सुहा आणि तिचे दोस्त वैतागलेत, इथे साधा कॅफे नाही म्हणून. मित्र म्हणतो, चला, कॅफेत जाऊ. पोरी हरखतात. पुढच्या क्षणी दिसतं, रस्त्याकडेला एक बेंच, शेजारी व्हेंडिंग मशीन. हाच कॅफे. थिएटरात लोक हसले असतील. आम्ही मिरजेत फोन हातात धरून बसलो होतो, हसलो नाही. आमच्याकडे 'कॅफे'चा अर्थ कित्येक वर्षं कॉलेज रोडवरची प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक खोली होता. नंतर तीच पोरं लाकूड कापून तिथे टेबल-खुर्च्या करतात, तो भाग ताईने तीनदा मागे नेऊन बघितला.

त्यानंतर सुरूच झालं. 'तोरादोरा'मधली आमी, दिसायला सुंदर, बोलायला गोड, आतून भलतीच, ती शाळेत दोन मशीनच्या मधल्या फटीत अंग चोरून बसते. खरं जे काही बोलायचं ते तिथेच बोलते. 'दुरारारा'मधला शिझुओ संतापला की इकेबुकुरोच्या रस्त्यावरचं अख्खं मशीन उपटून फेकतो. 'रेलगन'मधली मिसाका एका मशीनला नेम धरून लाथ घालते आणि फुकट डबा काढते, कारण त्या मशीनने एकदा तिची दहा हजारांची नोट गिळलेली असते. त्याच मशीनमध्ये तौमाची दोन हजार येनची नोट अडकते, हा विनोद मला कळायला वेळ लागला. जपानने २०००मध्ये दोन हजारांची नोट काढली आणि ती फारशी कुणी वापरलीच नाही. दोन हजारांची नोट आणि तिचे हाल, हे आपल्याला आता वेगळं समजावून सांगायला नको. आणि 'योफुकाशी नो उता'मधला को, वय चौदा, झोप येत नाही म्हणून रात्री घराबाहेर पडतो आणि मशीनमधून दारूचा डबा घ्यायला जातो. तिथेच त्याला नाझुना भेटते. ती व्हँपायर आहे, पण बोलायला कुणीतरी आहे हे महत्त्वाचं.

चित्र काढणाऱ्यांना ही पेटी का सोडवत नसेल, यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. ताईचं म्हणणं सोपं होतं: गल्लीगल्लीत आहेत म्हणून काढतात, आपण विजेचे खांब काढू तसं. ते खरंच आहे. जपानमध्ये सगळ्या प्रकारची मिळून सुमारे ४० लाख मशीन आहेत आणि लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आसपास. २०००च्या सुमारास तर ती ५६ लाखांवर गेली होती. पण मला वाटतं कारण आणखी एक आहे. रात्रीच्या गल्लीत दोन माणसांना बोलायला उभं करायचं तर त्यांच्या तोंडावर उजेड कुठून आणणार? मशीन उजेड देतं. दोघं एकमेकांकडे न बघता डब्यांकडे बघत उभे राहू शकतात. एकाला दुसऱ्यासाठी काहीतरी विकत घेता येतं, थंडगार डबा मागून गालाला टेकवता येतो (हा प्रकार अ‍ॅनिमेत इतका आहे की आम्ही त्याला वेगळा रंग दिलाय). आणि ऐकायला तिसरं कुणी नसतं. आपल्या सिनेमात हेच सीन चहाच्या टपरीवर होतात, पण टपरीवर चहावाला असतो. तो सगळं ऐकतो, आणि उद्या तुमच्या घरी सांगतो.

चहावाल्याचं मी हक्काने बोलतो, कारण आमच्या पप्पांचं एसटी स्टँडसमोर कोल्ड्रिंकचं दुकान आहे. कंपनीने दिलेला काचेच्या दाराचा फ्रीज, वर लाल पाटी, रात्री दुकानातला सगळ्यात मोठा दिवा तोच. पप्पांना स्टँडवरचे सगळे कंडक्टर, त्यांची लग्नं आणि त्यांच्या बदल्या पाठ आहेत.

*

जपानीत व्हेंडिंग मशीनला जिदोहानबाइकी म्हणतात, तोंडी जिहानकी. त्यावर थंड डब्यांखाली निळी पट्टी असते आणि गरम डब्यांखाली लाल. निळ्यावर लिहिलेलं असतं 'त्सुमेताई', म्हणजे थंड. लालवर 'आत्ताकाइ', म्हणजे गरम. हे कळलं त्या रात्री आम्ही किती हसलो असू! लाल पट्टी दिसली की मी विचारायचो, 'आत्ता काय?' आणि ती म्हणायची, 'आता झोपा.' निळ्या पट्टीवरून मी तिला 'त्सुमे ताई' म्हणायला लागलो. ती परीक्षा पास झाली आणि एप्रिल २०२३मध्ये तोयामाला एका यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागली, तेव्हा फोनमध्ये तिचं नाव तेच राहिलं.

तोयामा जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वर्षातले कित्येक महिने पांढरे दिसणारे डोंगर. पोहोचल्यावर तिने पाठवलेला पहिला फोटो डोंगरांचा नव्हता, विमानतळाचाही नव्हता. खोलीखालच्या गल्लीतलं मशीन. खाली लिहिलेलं, 'एक नग. दिवस. खरं.'

त्या फोटोवरून पप्पांनी जे प्रश्न विचारले ते एखाद्या व्यापाऱ्यानेच विचारावेत. माल कोण भरतं? लाईट बिल कोणाचं? कुणी फोडत नाही? तिने तिथे विचारून सांगितलं. बहुतेक ठिकाणी मशीन कंपनीचं असतं, माल तीच भरते, पैसेही तीच काढते. जागा देणारा वीज देतो आणि विक्रीवर कमिशन घेतो. पप्पा म्हणाले, 'म्हणजे आपला फ्रीजच की. फक्त मी काढून टाकलाय.' मग थोड्या वेळाने, 'उधारी कशी देतं?'

उधारी देत नाही. सुट्टे पैसे मात्र देतं, आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ सुट्ट्या पैशांतच आहे. १९६७ला जपानने शंभर येनचं चांदीचं नाणं बदलून तांबं-निकेलचं काढलं, नाणी भरपूर झाली आणि नाणं टाकून चालणारी यंत्रं भराभर वाढली. त्याआधीही मशीन होती. तवाराया ताकाशिची नावाच्या माणसाने १९०४मध्ये केलेलं तिकिटं आणि पोस्टकार्डं देणारं लाकडी मशीन अजून जपून ठेवलंय. १९६९मध्ये कोबेच्या यूसीसी कंपनीने दुधाची कॉफी डब्यात घातली. कंपनी सांगते ती गोष्ट अशी: संस्थापक उएशिमा तादाओ एका स्टेशनवर बाटलीतली कॉफी पीत होते, गाडी सुटायची वेळ झाली आणि बाटली परत द्यायची म्हणून अर्धी कॉफी तशीच सोडावी लागली. मिरज जंक्शनवर वाढलेल्या माणसाला या गोष्टीचं महत्त्व सांगायची गरज नाही. 'इव्हँजेलियन' बघितलेल्यांना तो डबा आठवत असेल. त्यातल्या पात्रांच्या चित्रांचे डबे यूसीसीने १९९७मध्ये खरोखर बाजारात आणले. म्हणजे मागच्या पडद्यावरची वस्तू पडद्यातून बाहेर येऊन पुन्हा मशीनमध्ये जाऊन बसली.

१९७३मध्ये पोक्का कंपनीने एकाच पेटीत गरम आणि थंड दोन्ही देणारं मशीन आणलं. मला विचाराल तर खरा शोध हा. तोवर ती उन्हाळ्याची वस्तू होती, आता बारमाही झाली.

याला एक काळी बाजूही आहे. १९८५ साली मशीनच्या खाचेत किंवा आसपास कुणीतरी विष घातलेल्या बाटल्या ठेवत गेलं. लोकांना वाटलं, कुणीतरी विसरलंय किंवा एकावर एक फुकट पडलंय. पॅराक्वॅट नावाचं तणनाशक. बारा माणसं मेली, पकडलं कुणीच गेलं नाही. त्यानंतर मशीनवर सूचना लागल्या की खाचेत आधीपासून बाटली असेल तर पिऊ नका. हे वाचल्यापासून मला अ‍ॅनिमेतला 'अरे, दोन पडले!' हा आनंदाचा सीन जरा वेगळा दिसतो. पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'दुकानात माणूस लागतो.' आणि त्यांनी ते तीन-चार दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं.

*

२०२३च्या जुलैत एक मालिका आली. तिचं नावच असं आहे की माझा व्हेंडिंग मशीन म्हणून पुनर्जन्म झाला आणि मी आता भुयारांत भटकतो. थट्टा नाही. व्हेंडिंग मशीनचं वेड असलेला एक माणूस व्हेंडिंग मशीनखालीच चिरडून मरतो आणि दुसऱ्या जगात मशीन होऊन जन्माला येतो. त्याला हलता येत नाही. लामिस नावाची अफाट ताकदीची मुलगी त्याला पाठीवर बांधून नेते. आणि त्याला बोलता येतात ती फक्त मशीनमध्ये भरलेली वाक्यं. 'या, यावं.' 'आभारी आहे.' 'अरेरे, हुकलं.' मनात तो पानंच्या पानं बोलत असतो, बाहेर पडतं ते एवढंच. शेवटी लामिस आणि तो ठरवतात: 'इराश्शाइमासे' म्हणजे हो, 'झान्नेन' म्हणजे नाही.

आम्ही ही मालिका एकाच वेळी बघायचो, ती तिकडे, मी इकडे. माझं काम रात्रीचं. मिरजेत दवाखाने इतके आहेत की औषधांची काही दुकानं रात्रभर उघडी असतात. अशाच एका दुकानात मी रात्री दहा ते सकाळी सहा असतो. बारा वाजले की शटर खाली आणि एक वीतभर खिडकी उघडी. चिठ्ठी आत येते, गोळ्या बाहेर जातात. ताई मला म्हणाली, तू पण बॉक्सच आहेस. मी 'इराश्शाइमासे' म्हणालो.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आता नवीन खेळ सुरू झाला. आई विचारायची, जेवलीस का? इराश्शाइमासे. थंडी आहे का? झान्नेन. बरी आहेस ना? इराश्शाइमासे! आईला ते फार आवडलं. ती शेजारच्या काकूंना सांगायची, आमची लेक जपानीच बोलते आता.

ऑक्टोबरात तिने फोटो टाकला, खालच्या रांगेतल्या निळ्या पट्ट्या जाऊन लाल आल्या होत्या. तिकडे थंडी पडू लागली की मशीन पण कपडे बदलतं. गरम मक्याचं सूप, गरम गोड वाटाण्या-घेवड्यासारखं काहीतरी, गरम लिंबू. मक्याच्या सुपाच्या डब्यात तळाशी दाणे अडकून बसतात, ते कसे काढायचे यावर तिने सविस्तर लिहिलं होतं. तेव्हाच्या भावाने साधारण पंच्याहत्तर रुपयांचं सूप. पप्पा म्हणाले, दाण्यासकट पी.

नोव्हेंबरात फोटो वाढले. आठवड्याला एक यायचा तो रोज यायला लागला. आमच्याकडे रात्रीचे अकरा, मी नुकताच खिडकीशी बसलेला, आणि फोन वाजायचा. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आमचे अकरा म्हणजे तिचे अडीच. तिची पाळी सकाळी आठची.

दुसरी गोष्ट मला फोटोतच दिसली. इतकी वर्षं मागच्या पडद्याकडे बघायची सवय लागलेली, समोरचं सोडून तिथेच नजर जाते. हे मशीन खोलीखालचं नव्हतं. खोलीखालच्याच्या मागे करड्या पत्र्याची भिंत आहे. याच्या मागे बंद पेट्रोल पंप होता, आणि बर्फात एकाच माणसाच्या पावलांच्या खुणा, येतानाच्या. मी नकाशा काढून तो पंप शोधला. तिच्या घरापासून जवळजवळ दीड किलोमीटर. वाटेत, तिच्याच जुन्या फोटोंवरून, आणखी दोन मशीन लागतात. रात्री अडीचला, बर्फात, दोन मशीन ओलांडून ती तिसऱ्यापाशी का जात होती?

मी चॅटवर विचारलं, 'बरी आहेस?'

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, 'झान्नेन.'

मी फोन लावला. ती म्हणाली, विशेष काही नाही. काही झालेलं नाही. कारखान्यात सगळे चांगले आहेत. पण संध्याकाळी सहाला बाहेर पडलं की दुसऱ्या दिवशी आठपर्यंत तिच्याशी कुणी बोलत नाही, आणि शुक्रवारी बाहेर पडलं की सोमवारपर्यंत. दुकानात पैसेही यंत्रात टाकायचे. झोप येत नाही. आणि ते पंपाजवळचं मशीन बोलतं. दायदो कंपनीची काही मशीन बोलतात, हे मला तेव्हा कळलं. नाणं टाकलं की स्वागत करतात, वेळेप्रमाणे काहीतरी म्हणतात, डबा पडला की आभार मानतात. काही तर ओसाकाकडच्या बोलीत बोलतात. 'ते मला दमलीस का असं काहीतरी म्हणतं,' ती म्हणाली, 'सगळ्यांनाच म्हणतं, मला माहितीये.'

मला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात खिडकीवर गिऱ्हाईक आलं. मी फोन तसाच चालू ठेवून काउंटरवर उभा केला. एका बाळाला ताप होता, बाप सिरप घेऊन गेला. मग दवाखान्यातला वॉर्डबॉय आला, त्याने सलाईनचा सेट घेतला आणि नेहमीसारखी माझ्याकडून पाच रुपयांची गोळी फुकट मागून नेली. मग एक म्हातारे गृहस्थ, त्यांना औषध नको होतं, त्यांच्या बायकोचं ऑपरेशन सुरू होतं आणि त्यांना कुठेतरी उभं राहायचं होतं. ते चाळीस मिनिटं खिडकीशी उभे राहून सोयाबीनच्या भावाबद्दल बोलले. ताई हे सगळं ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, 'काका गेले का?' मी म्हटलं, झान्नेन. ती हसली. साडेबाराला ती खोलीवर पोहोचली आणि फोन चालू ठेवूनच झोपली. तिच्याकडे चार वाजले होते.

डिसेंबरभर आम्ही हेच केलं. आईला संक्रांतीपर्यंत काही सांगितलं नाही, तिचीच अट होती. मी तिला डॉक्टरांकडे जा म्हणालो. ती जाईन म्हणाली, आणि गेलीही. गावच्या सार्वजनिक हॉलमध्ये स्थानिक मंडळी परदेशी लोकांसाठी रविवारी जपानीचा फुकट वर्ग घेतात, तिथे जायला लागली. तिथेच तिला शेजारच्या इमारतीतल्या आजी भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, बडबड्या. आजींना ताईची पुस्तकी जपानी फार आवडायची. मंत्र्यासारखी बोलतेस म्हणायच्या.

याच सुमारास मला ओहाशी एजी यांची छायाचित्रं सापडली. जपानच्या अगदी उत्तरेच्या टोकाला वाक्कानाई नावाचं शहर आहे, तिथले ते. बर्फाच्या वादळात रस्ता दिसेनासा झाला की ते व्हेंडिंग मशीनच्या उजेडाच्या आधाराने घर गाठायचे. पुढे त्यांनी वर्षानुवर्षं रात्रीच्या बर्फातली एकेकटी मशीनच टिपली. शेतात एक, घाटात एक, कमरेएवढ्या बर्फात बुडालेलं आणि तरी पेटलेलं एक. फोटोत माणूस नाही. मी ते ताईला पाठवले नाहीत. मला वाटलं, तिच्याकडे ते आहेतच.

*

१ जानेवारी २०२४. रात्रपाळी करून मी झोपलो होतो. पाऊणच्या सुमाराला आईने हलवून उठवलं. टीव्हीवर नोतो द्वीपकल्प, ७.६ रिश्टर... आकडे पुढे सरकत होते. नोतो तोयामाच्या डोक्यावरच आहे, मधे फक्त उपसागर. तिकडे दुपारचे चार दहा वाजले असताना भूकंप झाला होता आणि त्सुनामीचा इशारा तोयामालाही होता. एनएचकेवरची निवेदिका अक्षरशः ओरडत होती. जपानी न येणाऱ्या आईलाही ती काय सांगतेय ते कळत होतं.

ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. फोन लागत नव्हता. पप्पा दुकान तसंच उघडं टाकून घरी आले. एसटीतला एक कंडक्टर गल्ल्यावर बसवला होता.

एक वाजून पन्नास मिनिटांनी मेसेज आला. फोटो नव्हता, जपानी अक्षरांची एक ओळ होती, शेवटी आकडे. आईने विचारलं, काय म्हणतेय? मी ओळ कॉपी करून नकाशात टाकली. निळा ठिपका कुरेहाच्या टेकडीच्या उतारावर पडला, समुद्रापासून बराच आत. मी ठिपका मोठा केला, लहान केला, समुद्रापर्यंतचं अंतर तीनदा मोजलं. मग पप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि खाली बसले.

झालं होतं असं. सुट्टी होती, ताई आजींकडे होती. जमीन हलायची थांबल्यावर आजींच्या मुलाने दोघींना गाडीत घातलं आणि टेकडीकडे निघाला. सगळं गावच निघालं होतं, रस्ता तुंबला. गाडी सोडून ते चालत वर गेले. तो भाग ताईने कधी बघितला नव्हता, फोनवरचा नकाशा उघडत नव्हता, फोटोही जात नव्हता. आपण कुठे आहोत हे घरी कळवायचं तर लिहायचं काय? 'टेकडीवर'? रस्त्याच्या वळणावर एक मशीन होतं, चालू. जपानमध्ये २००५पासून मशीनवर त्या जागेचा पूर्ण पत्ता छापलेली चिट्टी लावायला सुरुवात झाली. अपघात पाहिला, कुणाला झटका आला, तर परक्या भागातला माणूसही पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला नेमकी जागा सांगू शकतो. नाण्यांच्या फटीच्या जवळपास असते, बारीक अक्षरात. अ‍ॅनिमेत आम्ही ती कधीच बघितली नव्हती, एवढं बारीक कुणी काढत नाही. पण ताई जिथे अक्षर दिसेल तिथे थांबणारी. तिने ती चिट्टी उतरवून घेतली आणि पाठवली.

मग खिशातली नाणी टाकून तिने आजींना मक्याचं सूप घेऊन दिलं. आपत्तीत फुकट देणारी मशीनही असतात, हे त्यातलं नव्हतं. 'त्याने पैसे घेतले,' ती नंतर म्हणाली. 'सुट्टे परत दिले. मला एकदम बरं वाटलं.'

नोतोमध्ये दोनशेहून जास्त माणसं त्या भूकंपात गेली. ताई राहते तिथे भिंतींना भेगा पडल्या, कौलं पडली, आजींच्या घरातली कपाटं आडवी झाली. ती दोन महिने रविवारी त्यांच्याकडे आवराआवर करायला जायची. आता फोटो येतात ते संध्याकाळचे असतात आणि त्यात कधीकधी आजींची सावली असते. अडीचचा फोटो अजूनही येतो अधूनमधून. तेव्हा मी काही न विचारता फोन लावतो आणि काउंटरवर उभा करतो.

पप्पांनी त्या वर्षी पाडव्याला दुकान रंगवून घेतलं. शटरवर इतकी वर्षं फक्त नाव होतं आणि बाजूला शीतपेयांची यादी. त्यांनी पेंटरला यादी पुसायला लावली आणि तिथे पूर्ण पत्ता लिहायला सांगितला. एसटी स्टँडसमोर, मिरज, जि. सांगली, ४१६४१०. पेंटर म्हणाला, 'काका, स्टँडसमोर उभा राहून स्टँडसमोरचा पत्ता कोण वाचणार?' पप्पा म्हणाले, 'पिन कोड जरा मोठा काढ.'